धावणाऱ्याची सोबत

समुद्रकाठच्या रस्त्याने धावणाऱ्याला वाऱ्याचा मोठा भरवसा वाटतो. एका बाजूस लाटांचा नाद आणि तोंडावर गार झुळूक असली, म्हणजे उन्हाची मातब्बरी ती काय, असे त्याच्या मनात येते. वस्तुतः हीच झुळूक त्याला फसविते. ज्या एका गावाने हा धडा अनुभवाने घेतला, त्याची हकिगत श्रोत्यांनी ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉड या भूशिरावर, फाल्मथ नावाचे गाव आहे. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिक सामन्यांत फ्रँक शॉर्टर या अमेरिकन धावपटूने मॅरेथॉन जिंकली. ती दूरचित्रवाणीवर पाहून टॉमी लेनर्ड या मद्यगृहात काम करणाऱ्या गृहस्थाच्या मनाने घेतले की, आपल्या गावीही एक शर्यत व्हावी. शाळेतील मुलांना धावण्याचे शिक्षण देणारे जॉन कॅरोल, त्यांच्या पत्नी लूसिया आणि आणखी काही गावकरी त्याच्या मदतीस आले. १५ ऑगस्ट १९७३ रोजी भर पावसात जेमतेम शंभर माणसे वुड्स होलपासून फाल्मथ हाइट्सपर्यंत धावली. आज ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी तेथे दहा हजारांच्या आसपास लोक जमतात. अंतर अवघे सात मैलांचे, म्हणजे सुमारे सव्वाअकरा किलोमीटर. प्रारंभी नोब्स्काच्या दीपगृहाजवळचा चढ, पुढे झाडांच्या सावलीतील वळणे, मग उघडा समुद्रकिनारा आणि अखेरीस एक छोटीशी टेकडी, असा हा मार्ग आहे.

१९७८ साली या मार्गावर आल्बर्टो सालाझार हा वीस वर्षांचा तरुण आघाडीच्या वीराच्या पाठलागास लागला. शेवटच्या टप्प्यात तो मागे पडत गेला, दहावा आला आणि कोसळला. त्याच्या अंगाचा ताप बेचाळीस अंश सेल्सियसच्या आसपास पोचला होता. त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवण्यात आले. धर्मगुरूने त्याला मरणासन्नास द्यावयाचे अंत्याभ्यंगही दिले. सुदैवाने तो वाचला आणि पुढे १९८१ व १९८२ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने हीच शर्यत जिंकली.

इतक्या तोकड्या शर्यतीत असे का व्हावे? स्नायू जितक्या वेगाने काम करतात, तितकी अधिक उष्णता शरीरात निर्माण होते. लांब पल्ल्याचा धावपटू बेताने धावतो. सात मैलांचा धावपटू सारे बळ एकदम पणाला लावतो. घाम वाळला तरच शरीर निवते. समुद्राच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. म्हणून झुळूक अंगाला सुखावीत असतानाच आतला ताप वाढत जातो.

फाल्मथच्या वैद्यकीय पथकाने यावर साधा उपाय धरला: आधी थंडावा, मग रुग्णालय. कोसळलेल्या माणसाला तेथल्या तेथे बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसवावयाचे आणि ताप उतरल्यावरच हलवावयाचे. या शर्यतीच्या अठरा वर्षांतील उष्माघाताच्या २७४ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एकही दगावला नाही.

परंतु टबापर्यंत त्याला आणावयाचे कोणी? उष्माघाताने प्रथम बुद्धीच भ्रमते. पाय लटपटतात, बोलणे विसंगत होते, स्वभाव चिडखोर बनतो. आणि ज्याची अशी अवस्था झाली, त्यालाच तिची जाणीव नसते. थांब म्हटले तर तो रागावतो. अशा वेळी त्याची नेहमीची चाल आणि नेहमीचे बोलणे ओळखणारा सोबतीच त्याच्या उपयोगी पडतो. गावोगावच्या धावणाऱ्यांच्या मंडळांचे खरे मोल येथे आहे. पहाटे एकत्र जमणे हा केवळ हौसेचा भाग नाही. जो सोबती महिनोन्‌महिने शेजारून धावला आहे, त्याला अनोळखी माणसापेक्षा लवकर कळते की, आज काहीतरी बिघडले आहे.

आपल्या वाचकांनाही हा विचार परका नाही. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ पासून भरते. ती जानेवारीत भरते आणि पहाटे सुरू होते, यातही शहाणपण आहे. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या कोरड्या हवेत सराव केलेली मंडळी जेव्हा मुंबईच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर धावावयास येतात, तेव्हा त्यांनी दमट हवेचा मान राखावा. नव्या हवेची सवय व्हावयास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढी सवड नसेल, तर शेजाऱ्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. टब नसला, तर कोसळलेल्यास सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतीत राहावे, वारा घालावा आणि डॉक्टरांस बोलवावे.

शर्यतीत पहिला येणारा एकच असतो. सोबत्याचे पाऊल अडखळताच स्वतःची वेळ विसरून थांबणारा मात्र प्रत्येकाला होता येते. ज्या मंडळात असा एक तरी माणूस आहे, त्यातील प्रत्येक जण धावून सुखरूप घरी परततो, आणि घरच्या माणसांना दुसरे काय हवे असते?