लाजायचं कशाला?

ग्रामपंचायतीनं खुली व्यायामशाळा केली, पण तिथं पुरुषच दिसतात. आपल्याला वाटतं, लोक हसतील. शिवाय रानात राबतोच की! पण खुरपताना तासन्‌तास वाकून कंबरेवरच ताण येतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात. जोर लावायच्या व्यायामानं ती टिकायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाला आणि २ दिवस ताकदीचा व्यायाम करा.

एकटीला संकोच वाटतो ना? मग गटातल्या चौघी मिळून वेळ ठरवा. पदर घट्ट खोचा, यंत्रात अडकायला नको. पहिल्या दिवशी एकच यंत्र, दहा वेळा. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा, दवाखान्यात दाखवा. बघणारे चार दिवस बघतील; गुडघे मात्र जन्मभर आपलेच आहेत.