लॅपटॉप घ्यायचा, पण कुणाच्या पसंतीने?

(कट्टा, ता. मालवण येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

पेंडूर, वराड आणि कुठून कुठून तुम्ही सकाळची कामं आटपून आलात. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मुलींचं उच्च शिक्षण’ असा विषय छापलाय. एवढ्या मोठ्या विषयावर बोलत बसले तर जेवणाची वेळ टळेल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. म्हणून त्यातली एकच वस्तू घेते. लॅपटॉप. तो घेताना आमच्याच घरात जे झालं ते सांगते.

माझी पुतणी मालवणला बीएस्सी झाली. २०२५च्या जूनमध्ये मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, संख्याशास्त्राच्या एमएस्सीला तिचा प्रवेश झाला. लॅपटॉप लागणार हे ठरलेलं. तेव्हा भावाच्या पडवीत बैठक बसली. भाऊ, मुंबईहून आलेला मुलीचा मामा, शेजारचे एक काका आणि माझा पुतण्या, जो बारावीत आहे. पुतणी कुठे होती? आत चहा गाळत होती. आणि कबूल करायला हवं, मीही अर्धा तास त्या बैठकीत बसून मान डोलवत होते. निर्णयप्रक्रियेत बायकांचा सहभाग या विषयावर मी पंधरा-वीस वर्षं शिबिरं घेते!

शेजारच्या काकांचं म्हणणं, “चेडवाक येवढो म्हागडो कित्याक? मोबायल आसा मां तिच्याकडे!” मामा म्हणाला, माझ्या ऑफिसातला जुना लॅपटॉप पडून आहे, तो देतो, मुलीला काय, लिहायला-वाचायलाच हवा. पुतण्याने तर मॉडेलच ठरवून ठेवलं होतं. पंच्याऐंशी हजारांचा गेमिंगचा लॅपटॉप. “दोघांना चालेल,” म्हणाला. त्यातले दोघे म्हणजे कोण आणि किती वेळ कोण, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा मी शेवटी विचारलं, “तुला काय काय करायचंय त्याच्यावर?” तिने वहीतलं पान काढून दिलं. तिची यादी केव्हाच तयार होती. कुणी मागितलीच नव्हती.

आधी मोबाईलचं बोलू. २०२०च्या टाळेबंदीत आपल्याच जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडी बांधून पावसात अभ्यास केला, पेपरांत आलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं. कौतुक करण्यासारखंच होतं. पण तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की मुलगी जिद्दी असली की मोबाईलवरही शिकते. तक्ते भरायचे, पन्नास पानांचा प्रकल्प लिहायचा, एका बाजूला पुस्तक उघडून दुसऱ्या बाजूला गणित करायचं, हे हाताएवढ्या पडद्यावर होत नाही. आणि मोबाईल तरी तिचा असतो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ची ती, देशातल्या शंभरातल्या ५४ बायकांनीच सांगितलं की स्वतः वापरायचा मोबाईल आपल्याकडे आहे. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका शंभरात ३३, पुरुष ५७.

आता मामाचा जुना लॅपटॉप. फुकट वस्तूला नाही म्हणणं कठीण, त्यातून माहेरची. पण मी त्याचं वय विचारलं. प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आणि विंडोज १० च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार हे जाहीर झालेलं होतं, थांबल्याही. वर्षभराची वाढीव सोय कंपनीने ठेवली, पण हिचं शिक्षण दोन वर्षांचं. जुना लॅपटॉप घ्यायचाच असेल तर दुकानदाराला हेच विचारा: विंडोज ११ चालतं का, बॅटरी किती वेळ टिकते, आत हार्ड डिस्क आहे की एसएसडी. जुन्या फिरत्या डिस्कचं यंत्र सुरू होईपर्यंत पेज निवून जाते. मामाचा लॅपटॉप वाया गेला नाही हं. त्यात एसएसडी घातली, लिनक्स ही मोफत प्रणाली घातली, आणि आज आमच्या बचत गटाचे हिशोब त्याच्यावर चालतात.

गेमिंगवाल्यात ताकद असते, खोटं नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड असल्याने तो तापतो, पंखा घरघरतो, बॅटरी दोन-तीन तासांत संपते. वजन सव्वादोन-अडीच किलो, चार्जर वेगळा जड. ती एसटीने कुडाळला जाणार, तिथून गाडीने रात्रभर मुंबई, मग लोकलची गर्दी. पाठीवर तो धोंडा कुणी वाहायचा? चित्रफितींचं किंवा इमारतींच्या आराखड्यांचं शिक्षण घेणाऱ्या मुलीला तसा लागेलही. संख्याशास्त्राला लागत नाही.

तिच्या पानावर काय होतं ते सांगते. ‘आर’ आणि ‘पायथॉन’ वापरायचे, दोन्ही मोफत मिळतात. त्यासाठी रॅम, म्हणजे काम करताना पसरायची जागा, निदान आठ जीबी, आणि पुढे वाढवता येणारी. हे ‘वाढवता येणारी’ नीट लक्षात ठेवा. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम आत पक्की जोडलेली असते, मग वाढवायची म्हटलं तरी काही करता येत नाही. दुकानात विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही. एसएसडी ५१२ जीबी. पडदा चौदा इंची, वजन दीड किलोच्या आत. बोटाखाली नीट दबणारा कीबोर्ड. मराठी टायपिंगची सोय विंडोजमध्ये असतेच, वेगळे पैसे मोजायचे नसतात.

बॅटरीपुढे तिने दोन रेघा ओढल्या होत्या. आपल्याकडे पावसात वीज जाते तेव्हा केव्हा येईल ते इंद्रालाच ठाऊक. मे २०२१च्या तौक्ते वादळानंतर तर किती दिवस अंधारात काढले ते इथल्या प्रत्येकीला आठवत असेल. बॅटरीचा हिशोब सोपा आहे. तिच्यावर वॉट-अवर लिहिलेले असतात. पन्नास असतील आणि साध्या कामाला तासाला दहा लागत असतील तर पाच तास. जाहिरातीतले ‘बारा तास’ विसरा. आणि वीज कडाडली की चार्जर भिंतीतून काढायचा, चालू पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे कपाटात कोंडून ठेवायचं नाही. दमट हवेत कपड्यांना बुरशी येते तशी आतल्या भागांनाही ओल लागते.

आणि पानाच्या अगदी खाली, बारीक अक्षरात लिहून पुन्हा खोडलं होतं: ‘पिक्चर बघायला बरा पडदा.’

मैत्रिणींनो, मला त्या खोडण्यावर बोलायचंय. मुलाने उघड सांगितलं की मला गेम खेळायचेत. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, वयच आहे म्हणाले. मुलीला मात्र करमणूक हा शब्द लिहूनही खोडावा लागला. तिच्यावर होणारा खर्च अभ्यासाच्या नावावरच मंजूर होतो. एक सिनेमा पाहिला की “यासाठी घेऊन दिला काय?” असं ऐकवायला सगळे तयार. रात्री मुलगा दशावतार बघायला दुसऱ्या गावात जातो, पहाटे येतो. मुलीची करमणूक घरात, हातातलं काम संपल्यावर. आणि काम संपतं कधी? २०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं निघालं, ते करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. विसावा हा हक्क आहे असं आपण मोर्चात म्हणतो. घरात मुलगी कानात हेडफोन घालून हसत बसली की आपलाच हात तिच्या पाठीत बसतो. माझाही बसलेला आहे.

तर मी ते खोडलेलं पुन्हा लिहिलं. फुल एचडी पडदा, आणि आयपीएस प्रकारचा. या पडद्यावर बाजूने बघितलं तरी चित्र काळपट पडत नाही. म्हणजे लॅपटॉप मध्ये ठेवून मायलेकींना एकत्र बघता येतं. यासाठी किंमत फार वाढत नाही, फक्त मागावं लागतं.

मग आम्ही तिघी दुकानात गेलो. पुतणी, भावजय आणि मी. भावजय यायला तयारच नव्हती. “वन्सं, माका त्यातला काय कळता?” म्हणाली. मी म्हटलं, बाजारात सुरमई घेताना कल्ला उचलून बघतेस ना, तसंच उचलून बघ. दुकानाचं नाव घेत नाही. तिथला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? “सोबत कोणी आलंय का?” तीन बायका समोर उभ्या! त्याने रंग दाखवायला सुरुवात केली. गुलाबी झाकणाचा दाखवला. पुतणीने शांतपणे विचारलं, रॅम वाढवता येते का, दुसरी जागा मोकळी आहे का? तो आत जाऊन मालकाला विचारून आला. भावजयीने मात्र खरा प्रश्न विचारला: बिघडला तर दुरुस्तीला कुठे न्यायचा, कुडाळ, कोल्हापूर की पणजी? की माणूस घरी येतो? आणि मुलगी मुंबईत असेल तर तिथे चालेल का? हे तिघी पुरुषांनी मिळून विचारलं नसतं, म्हणजे तिघा पुरुषांनी. (हशा)

सेहेचाळीस हजारांना आला, अठरा टक्के जीएसटी धरून. पैसे कुठून आले तेही सांगते, कारण खरी अडचण तिथे असते. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. चांगली गोष्ट आहे, लढून मिळालेली सवलत वापरा. आमच्या गटातल्या एकीची मुलगी त्यामुळेच फार्मसीला गेली. पण फी माफ झाली तरी लॅपटॉप घरच्या पैशातूनच येतो. आणि घरचा पैसा आला की घरच्यांचा हुकूम आला. एमएस्सीला तर ती फीमाफीही लागू नाही.

भावजयीचे काजूचे पंधरा हजार होते. वीस हजार तिने बचत गटातून उचलले. आमच्या गटात महिना शेकडा एक रुपया व्याज. बारा समान हप्त्यांत मुद्दल फेडलं तर सगळं मिळून व्याज तेराशे रुपये होतं. दुकानात ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून पाटी होती, पण कागद वाचला तर प्रक्रिया शुल्क, विमा, असं काय काय. उरलेले अकरा हजार भावाने दिले, आणि गावभर सांगितलं की मी चेडवाक लॅपटॉप घेऊन दिला. सांगू दे. बिल पुतणीच्या नावावर आहे. दुकानदार वडिलांचं नाव लिहायला निघाला होता, तिनेच थांबवलं. वॉरंटी ज्याच्या नावावर, दुरुस्तीला त्यालाच विचारतात. आणि पुढे कुणी म्हणालं की घरातली वस्तू आहे, घरात ठेव, तर कागद बोलतो.

भांडण झालं ते पासवर्डवरून. भाऊ म्हणाला, बापापासून काय लपवायचंय? पुतण्या म्हणाला, मलाही लागतो कधी कधी. पुतण्याचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला. एकाच यंत्रात दोन वेगळी खाती करता येतात, त्याला त्याचं खातं दिलं. तिच्या फायली त्याला दिसत नाहीत, त्याने काही घोळ केला तरी तिचा प्रकल्प शाबूत. भावाचा प्रश्न सुटलेला नाही. ती कलिन्याला गेली, पासवर्ड तिच्याजवळच आहे, आणि तो अजून धुमसतोय. चतुर्थीला आली तेव्हा दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की तुझ्या बायकोच्या ट्रंकेची किल्ली तू आजवर मागितली नाहीस, ही पण तशीच किल्ली समज. त्याने ऐकून घेतलं, मान्य केलं नाही.

त्याच चतुर्थीत एका दुपारी भांडी तशीच मोरीत ठेवून मायलेकी पिक्चर बघत बसलेल्या मी पाहिल्या. चहा कुणी केला ते विचारू नका, मीच केला.

आता मी थांबते, कारण तुमचे प्रश्न महत्त्वाचे. पुतणी सुट्टीवर आलीय, तिकडे खिडकीजवळच्या टेबलावर तिने तो लॅपटॉप उघडून ठेवलाय. ज्यांच्या मुली यंदा बारावीला आहेत त्यांनी आधी जा. उचलून वजन बघा, बटणं दाबून बघा, आणि मुलींना सोबत न्या. त्यांना काय हवंय ते त्यांनाच त्या पानावर लिहू द्या. पासवर्ड मात्र तिला विचारू नका.