हिरव्या पट्ट्याला राखणदार हवा



नगररचनाकार, वास्तुविशारद आणि भूमापक एका मांडवाखाली क्वचितच येतात. आले की पहिल्या चहापर्यंत एकमेकांना दोष देतात आणि दुसऱ्या चहानंतर तिघे मिळून महसूल खात्याला. अशा परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार.

परिषद छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात भरते आहे हे मला फार बरं वाटलं. एका हाताला जिल्हा परिषद, जवळच सरस्वती भुवन, आणि पिशवी घेऊन निघालात तर पाच-दहा मिनिटांत भाजी मंडई. आज बोलायचं आहे ते शहराच्या कडेबद्दल. सातारा-देवळाई, पडेगाव, मिटमिटा, हर्सूल, सावंगी. कडेचे निर्णय नेहमी मध्यावरच्या कार्यालयांत होतात, म्हणून त्याची चर्चाही मध्यावर बसून झालेली बरी.

कडेची हिरवी जागा जाते कशी, हे आधी नीट पाहू. वर्तमानपत्र वाचलं की वाटतं, कुणी मोठा बिल्डर येतो, मंत्रालयात वजन वापरतो आणि ग्रीन झोनचा यलो झोन करून घेतो. तसंही होतं, नाही कशाला म्हणू? पण या शहरात जास्त जमीन गेली ती फार साध्या रीतीने. रविवारी सकाळी एका शेतात फक्कीच्या रेघा पडतात. चार खुंट्या, सुतळी, बांधावर उभी केलेली मोटारसायकल आणि एजंटाच्या हातात डायरी. वीस बाय तीसचा तुकडा, सहाशे चौरस फूट. सातबाऱ्याची झेरॉक्स दाखवतात, बॉण्डपेपरवर मजकूर उतरतो, नोटरीचा शिक्का बसतो, हप्ते ठरतात. घेणारा वाळूजच्या कंपनीतला कंत्राटी कामगार असतो, रिक्षावाला असतो, गावाकडची दोन एकर कोरडवाहू भावाला देऊन आलेला माणूस असतो.

आता आपल्या धंद्यातलं गणित करू. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. सहाशेने भागलं तर बहात्तर प्लॉट. पंधरा फुटी बोळ सोडले तरी पन्नासेक सहज निघतात. मैदान, बाग, ओढ्याचा काठ यांच्यासाठी राहतं शून्य. नियम काय सांगतो? 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडली पाहिजे, आणि 0.4 हेक्टर म्हणजे जेमतेम एक एकर. पण जो ले-आउट आपल्या टेबलावर आलाच नाही, त्याच्याकडे दहा टक्के मागणार कोण?

मग यथावकाश बोअर होतो, टँकर सुरू होतो, निवडणूक येते, खडीचा रस्ता येतो. शेवटी कायदा येतो. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या वसाहती नियमित करायचं ठरवलं. वीस वर्षांनी, 2021 च्या दुरुस्तीने ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर नेली. मधल्या वीस वर्षांत ज्याने धीर धरला तो शहाणा ठरला, आणि ज्याने एनए करून, दहा टक्के सोडून, रीतसर परवानगी घेतली तो भोळा. तुकडेबंदीचं तेच. कायदा 1947 चा. 2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून गुंठ्या-दोन गुंठ्यांचे दस्त अडवले, आणि 2022 मध्ये आपल्याच शहरातल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. खंडपीठाला मी दोष देत नाही. शहराची वाढ परिपत्रकाने थोपवायला निघालं की असंच व्हायचं.

इथे माझं मत आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही. वीस बाय तीसवर घर बांधणाऱ्या माणसाला मी पर्यावरणाचा शत्रू मानायला तयार नाही. त्याने ग्रीन झोन मोडला, कारण यलो झोनमध्ये त्याला परवडेल असं काही आपण ठेवलंच नव्हतं. सत्तरच्या दशकात सिडको इथे आली, एन-वनपासून पुढे सेक्टर पाडले, छोटी घरं बांधली, प्रत्येक सेक्टरला मैदान आणि बाग दिली. 2006 मध्ये तो भाग महापालिकेकडे गेला. त्यानंतर या शहरात कमी उत्पन्नाच्या माणसासाठी त्या तोलामोलाचं काही उभं राहिल्याचं मला आठवत नाही. कुणाला आठवत असेल तर दुपारच्या सत्रात जरूर सांगावं, मला आनंदच होईल.

दुसरा माणूस शेतकरी. त्याच्या जमिनीला आपण नकाशात हिरवा रंग दिला आणि घरी गेलो. त्या रंगाचं त्याला काय मिळालं? शेजारची जमीन पिवळी झाली म्हणून तिचा भाव दसपट, याच्या वाट्याला फक्त बंदी. समृद्धी महामार्ग सावंगीवरून गेला तसे पलीकडच्या बांधावरही एजंट दिसू लागले. ज्वारी-बाजरी घेणाऱ्याने अशा वेळी जमीन राखून ठेवावी, ही अपेक्षा फुकटची आहे.

आता याच शहरातली एक उलटी गोष्ट पाहा. दिल्ली गेटजवळ हिमायत बाग आहे. मुघल काळातली बाग, आजही सुमारे तीनशे एकर. भोवती सगळीकडून वस्ती आली, शेजारच्या सलीम अली सरोवराच्या काठापर्यंत घरं भिडली, पण बाग उभी आहे. का? लोकांचं प्रेम आहे हे खरं. पहाटे फिरायला जाणारे तिथे एक झाड पडलं तरी आरडाओरड करतात आणि करायलाच हवी. पण प्रेम सातारा डोंगराच्या पायथ्यावरही होतं, खंडोबाच्या दर्शनाला आपण सगळेच जात होतो. हिमायत बाग टिकली, कारण तिला काम आहे. तिथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. माळी आहेत, रोपवाटिका आहे, आंबा-चिकूची कलमं तयार करायची आणि विकायची असतात. रोज सकाळी तिथे कुणीतरी फाटक उघडतं आणि संध्याकाळी बंद करतं. विकास आराखड्यात ‘बागेसाठी आरक्षित’ म्हणून दाखवलेल्या भूखंडावर हे कुणी करत नाही. दहा वर्षं उलटतात, महापालिकेकडे संपादनाचे पैसे नसतात, मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देतो आणि मुदतीत काही हललं नाही की आरक्षण गळून पडतं. ही नोटीस फाइलमध्ये किती दिवस निवांत पडून राहते, हे या सभागृहात मी सांगायला नको.

पुण्याने वेगळा प्रयोग केला. 1997 मध्ये हद्दीत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं. त्यासाठी नागरिकांनी मोठी चळवळ केली आणि 2015 मध्ये सरकारने ते कायम केलं. मोबदला ठेवला आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. मालकांनी तो घ्यायला रांगा लावल्या नाहीत. टेकडी नकाशावर हिरवी, सातबाऱ्यावर खासगी, आणि पायथ्याशी पत्र्याचं एक-एक शेड. चळवळ जिंकली, पण राखणदार नेमायचा राहिला.

लंडनचा हिरवा पट्टा आपण विद्यार्थ्यांना कौतुकाने शिकवतो. तो 1938 च्या कायद्याने सुरू झाला हे सांगतो, पण त्याला दात आले ते 1947 च्या कायद्याने, हे सांगायचं राहून जातं. जमीन तुमची असली तरी तिच्यावर बांधण्याचा हक्क परवानगीशिवाय तुमचा नाही, हे तिथे त्या वर्षी ठरलं. त्यामुळे पट्टा टिकला. आतली घरं महागली आणि माणसं पट्टा ओलांडून पलीकडे राहायला गेली, ही त्याची किंमत. आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला खात्री असते की आज ना उद्या आपली जमीन एनए होणार. ही खात्री मोडणं कायद्याने जमेल असं मला वाटत नाही. तिच्याइतकं देणारं दुसरं काही त्याच्या हाती पडलं तरच जमेल.

पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार 1914 मध्ये भारतात आले आणि पुढे मुंबई विद्यापीठात शिकवू लागले. इथल्या शहरांची पाहणी करताना ते तलाव बुजवू नका, विहिरी-बागा वापरात ठेवा, असं सांगत राहिले. वापरात ठेवा, हा त्यातला महत्त्वाचा भाग. मलिक अंबरची नहर तीनेकशे वर्षं चालली ती लोक तिचं पाणी पीत होते म्हणून. नळ आले, तिच्यावरून लक्ष उडालं, आणि आज तिच्या बंब्यांवर कुठे काय बांधलंय ते आपण जाणतो.

म्हणून या परिषदेपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. पहिली, विकास आराखड्यातल्या प्रत्येक हिरव्या पट्ट्यासोबत तो कोण कसणार, पाणी कुठलं आणि त्याला दरवर्षी किती पैसे कुठल्या लेखाशीर्षातून मिळणार, हे लिहिलेलं असावं. महापालिकेला सांडपाणी शुद्ध करावंच लागतं. ते पाणी कडेच्या भाजीपाल्याला आणि फळबागांना दिलं, वर राखणीचा मोबदला दिला, तर मेथी-कोथिंबीर औरंगपुऱ्याच्या मंडईत दहा किलोमीटरवरून येईल. दुसरी, जेवढे हेक्टर हिरवे दाखवाल तेवढ्याच गंभीरपणे सहाशे चौरस फुटांचे अधिकृत, रस्ता-नळासह प्लॉट यलो झोनमध्ये दाखवा. हे नसेल तर हिरव्या पट्ट्यावर आपण सह्याच करू नयेत. तिसरी गोष्ट भूमापक मित्रांसाठी आणि ती थोडी कडू आहे. त्या रविवारच्या फक्कीच्या रेघा कुणीतरी टेप धरून मारतं. तो टेप आपल्यापैकी कुणाच्या हातात नसावा.

ठरावाचा मसुदा सचिवांकडे दिला आहे. दुसऱ्या कलमातल्या ‘सहाशे’ या आकड्यावर वाद होणार हे मला ठाऊक आहे. काहींना तो कमी वाटेल, बिल्डर सभासदांना जास्त. दुरुस्त्या लेखी द्याव्यात, अडीच वाजेपर्यंत.