अग्रक्रमांची यादी आणि बसमधल्या बाया

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



'वाहतुकीचा निधी' हा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणींच्या मनात आले असेल, की हे इंजिनियर मंडळींचे काम, यात आपण कुठे? मलाही तसेच वाटत असे. मारहाण, पोटगी, रेशन हे आपले प्रश्न, आणि रस्ते-रेल्वे त्यांचे. पण घराबाहेर पडलेल्या बाईला कामावर पोचायला किती वेळ आणि किती पैसे लागतात हे ठरते कुठे, ते शोधत गेले आणि अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या बसप्रवाशांच्या लढ्यापाशी येऊन थांबले. आज तीच हकीगत सांगणार आहे.

आधी तिथली पद्धत. शहराला केंद्राकडून, म्हणजे वॉशिंग्टनकडून, पैसा हवा असेल तर त्या प्रदेशाची एक नियोजन संस्था असावी लागते. ती किमान वीस वर्षांचा आराखडा करते आणि त्यातून पुढच्या किमान चार वर्षांच्या कामांची यादी काढते. यादीत नाव नाही, तर केंद्राचा पैसा नाही. १९९१ च्या कायद्याने या संस्थांचे वजन वाढवले, रस्त्यांचा काही पैसा बस-रेल्वेकडे वळवायची मुभा दिली आणि लोकांचे म्हणणे ऐकायचे बंधनही घातले. कागदावर सगळे छान.

खरी गोम आहे ती पैशाच्या अटींमध्ये. भांडवली कामाला केंद्र ८० टक्क्यांपर्यंत वाटा देऊ शकते, बाकीचा शहराने उभा करायचा. भुयार खणा, रूळ टाका, नव्या बस घ्या, त्यासाठी मदत आहे. पण ड्रायव्हरचा पगार, इंधन, रात्री अकराची फेरी चालू ठेवणे, या रोजच्या खर्चासाठी १९९८ पासून मोठ्या शहरांना केंद्राच्या नेहमीच्या निधीतून जवळजवळ काही मिळत नाही. कोविडच्या साथीत, २०२० साली, तेवढा अपवाद झाला. आपल्या घरात नाही का, लेकीच्या लग्नाला कर्ज द्यायला दहा जण पुढे येतात, रोजच्या भाजीला कोण देतो? तसेच हे. मग शहराचे मन आपोआप मोठ्या बांधकामाकडे ओढले जाते. शिवाय भुयारी रेल्वेची फीत कापता येते. वेळेवर आलेल्या बसची फीत कोण कापणार?

लॉस एंजेलिसमध्ये नेमके हेच झाले. तिथल्या मतदारांनी १९८० आणि १९९० साली वाहतुकीसाठी विक्रीकरात अर्ध्या-अर्ध्या टक्क्याची भर मंजूर केली होती. हा कर साबण घेताना, मुलांचे कपडे घेताना धुणीभांडी करणारी बाईही देते. त्या पैशातून शहराचा वाटा उभा राहिला, त्यावर केंद्राचा निधी आला आणि रेल्वेमार्ग सुरू झाले. प्रवासी मात्र बसमध्ये होते. वादींनी पुढे न्यायालयात हिशोब मांडला, की वाहतूक प्राधिकरणाच्या प्रवाशांपैकी ९४ टक्के बसने जातात, आणि बहुसंख्य पैसा रेल्वेवर जातो. बसच्या एका प्रवाशामागे सरकारी मदत १ डॉलर १७ सेंट, आणि उपनगरांतून येणाऱ्या रेल्वेच्या एका प्रवाशामागे सुमारे २१ डॉलर. बसमध्ये कोण होते? लॅटिनो, काळ्या, कोरियन कष्टकरी बाया. दुसऱ्यांची घरे साफ करणाऱ्या, कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या.

१९९४ च्या जुलैत प्राधिकरणाने ठरवले, की तिकीट १ डॉलर १० सेंटवरून १ डॉलर ३५ सेंट करायचे आणि ४२ डॉलरचा मासिक पास बंद. कारण, पैसा नाही. आणि त्याच सुमाराला पासाडेनाच्या रेल्वेमार्गासाठी बारा कोटींहून अधिक डॉलर मंजूर झाले! पास बंद होणे म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. पुरुष बहुधा घर ते काम आणि काम ते घर असा जातो. बाई मधे शाळेत उतरते, दवाखान्यात उतरते, बाजार करते. प्रत्येक उतरण्याला नवे तिकीट.

तिथे 'बस रायडर्स युनियन' ही प्रवाशांची संघटना उभी राहिली. त्यांनी बसमध्येच सभा घेतल्या, इंग्रजी, स्पॅनिश आणि कोरियन अशा तिन्ही भाषांतून. (आपल्या सभा भाषेवरून किती अडतात ते आठवा.) आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेतला. तो म्हणतो, केंद्राचा पैसा घेणाऱ्याने वंशावरून भेदभाव करता कामा नये. म्हणजे ज्या पैशासाठी शहर धावत होते, त्याच पैशाची अट त्यांनी हातात धरली. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. न्यायाधीशांनी भाडेवाढ तात्पुरती रोखली आणि १९९६ च्या ऑक्टोबरात दहा वर्षांचा तडजोडीचा आदेश झाला. मासिक पास ४२ डॉलरचा ठरला, आठवड्याचा ११ डॉलरचा पास आला, बसमध्ये उभ्याने किती माणसे असावीत यावर मर्यादा आली. पाळताना प्राधिकरणाने टाळाटाळ केलीच. १९९८ मध्ये 'जागा नाही तर भाडे नाही' अशी मोहीम काढावी लागली. पण जुन्या डिझेल बस जाऊन दोन हजारांहून अधिक नव्या बस आल्या.

हे सगळे गोड नाही. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितले, की हेतू सिद्ध न करता केवळ परिणाम भेदभावाचा आहे म्हणून सामान्य माणसाला या कायद्याखाली दावा लावता येणार नाही. ती वाट बंद झाली. २००६ मध्ये आदेशाची मुदत संपली आणि पुढच्याच वर्षी ५२ डॉलरवर आलेला पास ६२ डॉलर झाला. बायका कशा प्रवास करतात याचा अहवाल त्याच प्राधिकरणाने २०१९ साली काढला. त्यात लिहिले आहे, की बसच्या प्रवाशांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, त्या एका फेरीत अनेक कामे उरकतात आणि थांब्यावरच्या अंधाराला भितात. हे बसमधल्या कुठल्याही बाईने फुकट सांगितले असते.

आता प्रश्नांसाठी वेळ ठेवते. जाण्यापूर्वी एक काम मात्र वाटून घेऊ. आपल्याकडेही २००५ साली नेहरूंच्या नावाचे नागरी पुनर्निर्माण अभियान आले, तेव्हा महापालिकांना शहर विकास आराखडे करून दिल्लीला पाठवावे लागले होते. तुमच्या शहराने त्यात वाहतुकीची कोणती कामे मागितली होती, आणि आज कोणती मागते आहे, ती यादी माहितीच्या अधिकारात मागवा. इंग्रजीत दिली तर मराठीत मागा. आणि पुढच्या बैठकीला येताना सोबत आणा.