गालावरचा वारा

(हीरक महोत्सवी पालक-माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मेंदूपासून निघणाऱ्या कर्पर चेतांच्या १२ जोड्या असतात. मुले संख्या पाठ करतात आणि पुढे जातात. मी भाषेची शिक्षिका. माझीही मजल त्यापलीकडे नव्हती. त्यांपैकी पाचवीची ओळख मला आईने करून दिली.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारची कडलेकाई परिषे आई कधी चुकवीत नसे. एका वर्षी दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी तिने भाजका शेंगदाणा तोंडात टाकला आणि डावा गाल धरून ती मटकन खाली बसली. जबड्यातून वीज गेली, म्हणाली. पुढे तोंड धुताना, बोलताना, पंख्याच्या वाऱ्यानेही तेच. एका दंतवैद्यांनी दोन दाढा काढल्या. दोन्ही निरोगी निघाल्या. मग घरात ‘मनाचे खेळ’ हा शब्द आला. तो प्रथम मीच उच्चारला.

चेहऱ्याची संवेदना वाहणारी ही पाचवी चेता, ट्रायजेमिनल, त्रिशाखी आहे: एक शाखा कपाळ-डोळ्यांची, दुसरी गाल व वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या जबड्याची. कांदा चिरताना डोळे चुरचुरतात, तो निरोपही हिचाच. मस्तिष्कस्तंभात शिरताच वाटा फुटतात. हळुवार स्पर्शाचा निरोप जवळच्याच केंद्रात पोचतो; वेदनेचा आणि उष्ण-थंडाचा मात्र मानेच्या दिशेने खाली उतरून मग वर वळतो. दोन्ही मुख्यतः बाजू बदलतात आणि थॅलॅमसमार्गे मेंदूच्या पृष्ठभागावर जातात. म्हणून डाव्या गालाची कळ उजव्या मेंदूला कळते. पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी १९३७ साली जाग्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह लावून या पृष्ठभागाचा नकाशा मांडला. त्यात ओठ-जिभेला जेवढी जागा, तेवढी अख्ख्या पाठीलाही नाही!

आईच्या चेतेच्या मुळाशी एक रक्तवाहिनी टेकली होती. अशा दाबाने तंतूंचे आवरण झिजते आणि स्पर्शाचा निरोप शेजारच्या वेदनेच्या तंतूत उडी घेतो. मेंदू निरोप कोणत्या तारेवरून आला एवढेच पाहतो. तार दाढेची, म्हणून दुखते ती दाढच. खोटे कोणीच बोलत नव्हते, आई तर नव्हतीच.

अपस्मारातही देतात त्या कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी तिला उतार पडला. हल्ली शाळेत एखादे मूल ‘दुखते’ म्हणाले, की कुठे, केव्हा, कशाने, हे मी आधी वहीत लिहून घेते, खरे-खोटे नंतर.

पुढच्या परिषेला आम्ही दोघी पुन्हा गेलो. मी शेंगा सोलत होते. दाणे उजव्या दाढेखाली सांभाळून चावत आईने विचारले, “आता तरी खरे वाटते ना गं?”