गॅस भरण्याआधी

मी कुंभकोणमहून बोलतोय. माझी मराठी ऐकून काही जण हसतील, हसू दे. आमची तंजावरकडची मराठी आहे. व्यंकोजीराजांच्या काळापासून इथे रुजलेली, तमिळच्या शेजारात वाढलेली. पोटापाण्याला मी गाड्यांचे एसी दुरुस्त करतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात एक गाडी दुकानासमोर थांबली. नंबर एमएच १३, म्हणजे सोलापूर. नवग्रहांची देवळं बघायला आलेलं कुटुंब. चालवणारे गृहस्थ हिंदीत म्हणाले, "गॅस डाल दो." मी मराठीत म्हटलं, "आधी बघू तरी काय झालंय." ते बघतच राहिले! मागच्या सीटवर त्यांचे वडील होते, पंच्याहत्तरीच्या पुढचे. चेहरा लाल, ओठ सुकलेले. आदल्या दिवशी वाटेत त्यांना चक्कर आली होती. आधी त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, मानेवर ओला पंचा ठेवला. गाडी नंतर.

त्या गाडीत महिन्याभरात दोनदा गॅस भरून झाला होता. आता एक गोष्ट लक्षात ठेवा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. आणि जास्त भरला तरी कूलिंग कमीच होतं, वर कंप्रेसरवर ताण.

मी बॉनेट उघडलं. कंप्रेसर चालू होत होता. कंडेन्सरचा पंखा फिरत होता. कंप्रेसरकडे परत येणारी जाड नळी गार होती, तिच्यावर घाम फुटला होता. म्हणजे थंडी तयार होत होती. तरी आत मात्र भट्टी. मग ती थंडी जात कुठे होती?

तेवढ्यात आजोबा खुर्चीतून म्हणाले, "अहो, सकाळी निघताना छान गार येतं. चहाला थांबेपर्यंत गरम होतं." मुलगा म्हणाला, "बाबा, ऊन वाढतं ना, म्हणून." पण मला तिथेच धागा सापडला. आपल्या गाडीत हीटरही असतो, आपण तो वापरत नाही एवढंच. इंजिनचं नव्वद अंशांच्या आसपास तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं. ब्लोअरची हवा आधी एसीच्या थंड जाळीतून जाते. पुढे एक झडप असते. हवा सरळ आत सोडायची की त्या गरम रेडिएटरवरून न्यायची, हे ती झडप ठरवते. ती गरम बाजूला अडकली, तर थंड केलेली हवा पुन्हा तापूनच बाहेर येते. आणि सकाळी इंजिनच गार असतं, म्हणून हवाही गार!

पण अंदाजावर डॅशबोर्ड खोलायचा नाही, हा माझा नियम. ते मुक्कामाला होतेच. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन नसताना गाडी सुरू केली. पहिली काही मिनिटं मस्त गार हवा. इंजिनचा काटा वर चढला, तशी हवा तापली. म्हणजे उन्हाचा दोष नव्हता. मग तापमानाचं बटण अगदी कमीवरून अगदी जास्तवर नेलं आणि कान लावला. डॅशबोर्डखाली टिक टिक टिक. झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचं प्लास्टिकचं दातेरी चाक झिजलेलं. मोटर फिरत होती, झडप हलत नव्हती.

तो सुटा भाग लगेच मिळणार नव्हता. मी मोटर काढली, झडप हाताने थंड बाजूला फिरवून तिथेच पक्की केली. हवा गार झाली. मुलाला सांगितलं, "घरी गेल्यावर नवी मोटर बसवून घ्या. तोवर काच धूसर झाली तर गरम हवा मिळणार नाही, पावसात जपा."

खरं सांगतो, पूर्वी मीही न विचारता गॅस भरायचो. गिऱ्हाईक मागतं, आपण भरतो, दोघंही खूश. त्या आजोबांचा चेहरा बघितल्यापासून ते जमत नाही.

म्हणून मेकॅनिककडे जाण्याआधी चार गोष्टी बघून ठेवा. गरम हवा सतत येते की कधीकधी? गाडी थांबल्यावरच कूलिंग जातं का? तसं असेल तर कंडेन्सरचा पंखा तपासायला सांगा. हवेचा जोरच कमी आहे का? मग केबिन फिल्टर बघा. आणि इंजिन गार असताना कसं, तापल्यावर कसं? मागे बसलेल्या माणसालाही विचारा. बहुतेक वेळा त्याला जास्त माहीत असतं.

निघताना आजोबा म्हणाले, "सोलापूरला या, शेंगाचटणी देतो." मी म्हटलं, "आधी इथली डिग्री कॉफी घ्या." घेतली, आणि मगच गेले.