घराचे भाडे आणि वाटेचे भाडे



‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ज्या काळी ती रूढ झाली, त्या काळी घर बांधणाऱ्यास दगड, चुना, लाकूड आणि गवंडी एवढ्यांचीच विवंचना असे. शेत घराजवळ आणि कारागिराचे काम ओसरीवर. त्यामुळे घर व काम यांत अंतर किती, हा प्रश्न क्वचितच उद्भवे. आज पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात बिऱ्हाड थाटू पाहणाऱ्या कुटुंबापुढे हाच प्रश्न प्रथम उभा राहतो. त्याचा हिशेब कसा मांडावा, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे. जन्मभर शाळामास्तरकी केल्यामुळे बोलण्यात थोडे अंकगणित येईल, त्याबद्दल श्रोत्यांनी क्षमा करावी.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. कारखान्याबरोबर कामगाराच्या निवाऱ्याचाही विचार करावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलविला, तेव्हा त्याच्या भोवती वसाहतही वसविली. तीच किर्लोस्करवाडी. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला, तेव्हा तेथेही नोकरवर्गासाठी वसाहत झाली. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या माळरानांवर कारखान्यांची रांग लागली. कामगार आले, पण घरे पुरेनात. म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले. जमीन संपादून, तिचे सेक्टर पाडून, सामान्य मिळकतीच्या माणसास भूखंड व घरे पुरवावीत, असा त्याचा हेतू होता. ती संस्था २०२१ साली विसर्जित झाली. परंतु निगडीकडील वस्तीस लोक अद्यापि ‘प्राधिकरण’ असेच म्हणतात. मात्र त्या वस्तीत आज नव्या कामगाराने घर घेण्याची गोष्ट बोलावयास नको.

मध्यंतरी कारखाने पुढे सरकले. चाकण हे संग्रामदुर्गाकरिता आणि कांद्याच्या बाजाराकरिता ख्यात असलेले गाव पाहता पाहता मोटारींच्या कारखान्यांचे गाव झाले. पिंपरीपासून ते सुमारे २० किलोमीटर. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे, आणि २०२२ पासून पिंपरीस मेट्रोही आली. परंतु लोकल तळेगावावरून लोणावळ्यास जाते, मेट्रो पुण्याकडे जाते; चाकणकडे दोहोंपैकी एकही वळत नाही. तेथे जावयाचे तर कंपनीची बस, सार्वजनिक बस, सहा आसनी रिक्षा अथवा स्वतःची दुचाकी, हीच साधने.

सायंकाळी मोशीच्या बाजूस नाशिक रस्त्यावर उभे राहिले, म्हणजे एक चमत्कारिक देखावा दिसतो. चाकणला काम करणारे, पण मुलांच्या शाळेसाठी शहरात राहणारे लोक एका बाजूने परतत असतात. शहरात काम करणारे, पण स्वस्त सदनिकेसाठी चाकणला राहावयास गेलेले लोक दुसऱ्या बाजूने परतत असतात. दोघेही एकाच कोंडीत अडकलेले! यांत मूर्ख कोणीही नाही. एकाने शाळा पाहिली, दुसऱ्याने हप्ता पाहिला. फक्त वाटेचा हिशेब दोघांनीही बहुधा कागदावर मांडला नव्हता.

तो आपण मांडून पाहू. समजा, दूरचे घर घेतल्याने महिन्याच्या हप्त्यात ६,००० रुपये वाचतात. जाण्यायेण्यास रोज दोन तास अधिक लागतात. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर हे ५० तास झाले. पेट्रोल आणि गाडीची झीज यांपायी २,००० रुपये गेले, उरले ४,०००. म्हणजे त्या गृहस्थाने आपला एक तास ८० रुपयांस विकला. त्याचा पगार २५,००० रुपये असेल, तर आठ तासांच्या दिवसाने कारखाना त्याला तासाचे १२५ रुपये देतो. कारखान्यास जो तास तो १२५ रुपयांस देतो, तोच रस्त्यास ८० रुपयांस देतो.

आता गृहकर्जाची मुदत २० वर्षे धरा. वर्षाचे ६०० तास, तर २० वर्षांचे १२,००० तास. आठ तासांचा एक दिवस धरल्यास हे १,५०० दिवस, म्हणजे तब्बल पाच वर्षांची नोकरी झाली. ही नोकरी बिनपगारी असते आणि तिची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात होत नाही.

शिवाय हे तास कोणते, तेही पाहिले पाहिजे. ते सकाळचे आणि सायंकाळचे, म्हणजे मुले जागी असण्याचे तास होत. आपल्या भागातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेची रविवारी. बाप घरी असतो तेव्हा मूल शाळेत, आणि मूल घरी असते तेव्हा बाप पाळीवर! पालकसभेस येणारी बहुधा आईच असे, याचे कारण माझ्या ध्यानी येण्यास फार दिवस लागले नाहीत. जी आई स्वतः नोकरी करते, तिच्या वाट्यास तर वाट आणि चूल ही दोन्ही ओझी येतात.

मग जवळच राहावे काय? खराबवाडी, मेदनकरवाडी, म्हाळुंगे येथे खोल्या मिळतात. परंतु एकेका खोलीत चार-पाच तरुण ‘कॉट बेसिस’वर राहतात, पाण्याची आणि स्वच्छतेची ओढाताण असते. तेथे एकटा जीव दिवस काढील; संसार थाटणे कठीण. त्यातून पुष्कळांची नोकरी कंत्राटी. नोकरी वर्षाची आणि कर्ज वीस वर्षांचे, ही जोडी जुळावी कशी?

म्हणून तरुण श्रोत्यांस माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. घर पाहावयास रविवारी दुपारी जाऊ नये. पावसाळ्यातील कामाच्या दिवशी, आपल्या पाळीच्या वेळी, तो रस्ता एकदा काटून पाहावा. हप्त्याच्या खाली पेट्रोल, टँकरचे पाणी, सोसायटीचा देखभालखर्च आणि तास, या चारही रकमा लिहाव्यात. आणि नोकरी कायम होईपर्यंत भाड्याच्या घरास कमीपणा मानू नये.

परंतु सारा भार व्यक्तीच्या शहाणपणावर टाकणे न्यायाचे होणार नाही. चाकणला कारखान्यांसाठी जमीन, वीज आणि रस्ते यांची आखणी झाली. कामगारांच्या घरांची तशी झाली नाही. १९७२ साली ज्या विचाराने नवनगर आखले गेले, त्याच विचाराने चाकणच्या परिसरात शाळा, दवाखाना आणि पाणी यांसह भाड्याची साधी घरे उभी राहिली पाहिजेत. ती विकण्यासाठी नसावीत. कामगार बदलला तरी घर कामगाराकडेच राहावे. कारखान्याच्या यंत्रास जशी जागा लागते, तशी ते चालविणाऱ्या माणसासही लागते, आणि ती सायंकाळी दिवे लागण्याच्या वेळेस पोहोचता येईल इतकी जवळ असावी. एवढे झाले, तर पालकसभेत पुढच्या पिढीच्या मास्तरांना बापही भेटतील.